मशीन नवं मिळतं, फाइल मिळत नाही

अकोल्यात प्रवेशाचे आणि पीकविम्याचे दिवस आले की झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते. कुणाला मुलीची गुणपत्रिका छापून हवी असते, कुणाला सातबारा, कुणाला नोकरीचा अर्ज. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला एखादा विद्यार्थी आपला अख्खा प्रबंध पेनड्राइव्हमध्ये घेऊन उभा असतो. दुकानातल्या एकाच संगणकाला दिवसभरात असे कितीतरी पेनड्राइव्ह लागतात आणि निघतात. त्यातल्या एकात जरी व्हायरस असला, तरी संध्याकाळपर्यंत तो जठारपेठेपासून डाबकी रोडपर्यंत घरोघरी पोचलेला असतो.

व्हायरसपासून संगणक वाचवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ‘अँटिव्हायरस कोणता घेऊ?’ हा. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. संगणक बिघडला तर दुरुस्त होतो, नाही झाला तर दुसरा आणता येतो. विंडोज पुन्हा टाकता येतं. पण लिहून झालेला प्रबंध, दुकानाचा हिशेब, वडिलांच्या हयातीतले फोटो, शेताच्या मोजणीचे स्कॅन केलेले कागद कुठल्याही बाजारात मिळत नाहीत. वाचवायचं आहे ते हे. म्हणून आधी फाइलींची दुसरी प्रत, मग वेळच्या वेळी अपडेट, त्यानंतर अँटिव्हायरस, आणि या तिघांच्या जोडीला काही साध्या सवयी, असा क्रम मी सांगतो. हा क्रम का, हे आपल्याच राज्यात घडलेल्या गोष्टींवरून समजून घेता येईल.

फोल्डरवरचा बाण

सुरुवात त्या पेनड्राइव्हपासूनच करू. विद्यार्थी प्रिंट काढून वसतिगृहावर येतो, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावतो. फोल्डर जागच्या जागी दिसतात. नीट पाहिलं तर प्रत्येक फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आलेला असतो. फोल्डरचा आकार अवघा एक-दोन केबी दाखवला जातो. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतं, आत सगळं असतं, त्यामुळे शंका येत नाही. हाच तो दुकानदारांच्या तोंडी असलेला ‘शॉर्टकट व्हायरस’.

तो काय करतो? तुमचं खरं फोल्डर तो पुसत नाही, लपवतो. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा खुणा लावता येतात. त्या लावल्या की फाइल असूनही दिसत नाही. मग त्याच नावाचा आणि फोल्डरचंच चित्र लावलेला एक शॉर्टकट तो तयार करतो. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते आणि नंतर खरं फोल्डर उघडून दाखवलं जातं. तेवढ्या क्षणात स्क्रिप्टनं स्वतःची प्रत लॅपटॉपमध्ये ठेवलेली असते, संगणक चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत आपलं नाव घातलेलं असतं, आणि आता ती पुढच्या पेनड्राइव्हची वाट पाहत बसते.

घाबरून लगेच पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. फाइली आत आहेत. बाण असलेल्या चित्रावर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसनं पेनड्राइव्ह तपासा. मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपवलेल्या वस्तू दाखवण्याची खूण करा. त्याच्याच पर्यायांमध्ये सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवण्याची एक खूण असते, ती तेवढ्यापुरती काढा. फिकट रंगात खरी फोल्डर दिसू लागतील. त्यातले कागद, फोटो, पीडीएफ एवढंच दुसरीकडे उतरवून घ्या आणि अनोळखी स्क्रिप्ट किंवा प्रोग्रॅम दिसला तर तो तिथेच राहू द्या. त्यानंतर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि लॅपटॉपचं पूर्ण स्कॅन करा. लॅपटॉप साफ न करता पेनड्राइव्ह कितीही वेळा फॉरमॅट केला तरी व्हायरस परत येतो, कारण त्याचं घर आता लॅपटॉपमध्ये असतं.

त्याहून सोपं म्हणजे दुकानात नेण्यासाठी एक लहान पेनड्राइव्ह वेगळा ठेवायचा. त्यात त्या दिवशी छापायची पीडीएफ सोडून काहीच नसावं आणि घरी आल्यावर तो न उघडता फॉरमॅट करावा. प्रबंधाची मूळ वर्ड फाइल दुकानाच्या संगणकाला दाखवायचीच कशाला? ई-मेलनं किंवा व्हॉट्सअ‍ॅपनं दुकानदाराला फाइल पाठवणंही चांगलं. मात्र त्याच्या संगणकावर आपलं व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेल उघडलं असेल, तर निघताना लॉगआउट केल्याशिवाय खुर्ची सोडू नये.

लाहोरचे भाऊ आणि पुण्याचे भाऊ

व्हायरसचा हा हातोहात प्रवास नवा नाही. आयबीएमच्या पर्सनल संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ‘ब्रेन’ ओळखला जातो. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला. आपलं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेणाऱ्यांना हटकण्यासाठी लिहिल्याचं ते सांगत. त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो जगभर पोचला. फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला, पण वाहून नेण्याचं काम आजही माणसाचाच हात करतो.

व्हायरस काढण्याच्या कामात महाराष्ट्रातल्या दोन भावांचं नाव घ्यावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुढे शिकले नाहीत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये पुनःपुन्हा व्हायरस सापडू लागले. त्या काळी मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसची मोठी धास्ती होती, कारण ६ मार्च ही तारीख उजाडली की तो हार्ड डिस्कवरची माहिती खराब करत असे. संजय यांनी असे व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि १९९५ मध्ये त्यातूनच ‘क्विक हील’ बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीनंही हेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली.

या गोष्टीत यशोगाथेपलीकडे शिकण्यासारखंही काही आहे. अँटिव्हायरसचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला. आधी संगणक बाधित झाला, मग व्हायरस ओळखला गेला, मग त्याचा उतारा लिहिला गेला. आजही नव्या व्हायरसच्या बाबतीत बऱ्याचदा हाच क्रम असतो, आणि या मधल्या काळात कुणाचा तरी संगणक पहिला बळी ठरतो. तो आपला असू शकतो, हे धरूनच तयारी करायला हवी.

मंत्रालयातले १५० संगणक

पूर्वीचे बरेच व्हायरस खोडी काढायचे, फाइली बिघडवायचे, मशीन मंद करायचे. आता बहुतेकांना पैसा हवा असतो. त्यातला सर्वांत क्रूर प्रकार रॅन्समवेअर, म्हणजे तुमच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातल्या सुमारे १५० संगणकांना ‘लॉकी’ नावाच्या रॅन्समवेअरनं ग्रासल्याची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

लॉकी मुख्यतः ई-मेलमधून पसरत असे. ‘बिल सोबत जोडलं आहे’ अशा अर्थाचा मजकूर आणि त्याला जोडलेली वर्ड फाइल. उघडली की मजकूर अगम्य दिसे आणि नीट वाचण्यासाठी ‘एनेबल’चं बटण दाबा अशी सूचना येई. ते बटण दाबताच फाइलमधला मॅक्रो, म्हणजे आत दडवलेला छोटा प्रोग्रॅम, चालू होई आणि इंटरनेटवरून खरा लॉकी उतरवून घेई. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली आहे. पण जुनं ऑफिस वापरणाऱ्यांना हे संरक्षण मिळालेलं नाही. त्यांनी मेलमधून आलेल्या कुठल्याही कागदावर ‘एनेबल’ दाबायचं नाही, एवढा नियम करावा.

कुलूप लागतं म्हणजे काय, हे समजणं महत्त्वाचं आहे. रॅन्समवेअर फाइलींतला मजकूर गणिती सूत्रानं अशा प्रकारे उलटापालटा करतो की तो पूर्ववत करायला एक विशिष्ट किल्ली, म्हणजे आकड्यांची एक लांबलचक मालिका लागते. ही किल्ली हल्लेखोराकडे असते, तुमच्या संगणकात नसते. बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं तंत्र तेच, वापर उलटा. अंदाजानं किल्ली शोधायला आजच्या संगणकांना माणसाचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून कुलूप लागल्यानंतर आणलेला अँटिव्हायरस व्हायरस काढून टाकतो, पण फाइली परत देऊ शकत नाही. दुरुस्तीवाल्याकडून ‘व्हायरस निघाला, डेटा गेला’ असं ऐकावं लागतं ते यामुळे.

घाना आणि गेलेली वीज

दुसऱ्या प्रतीचं मोल कळावं म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगतो. तिचं एक टोक न्हावा-शेवाला आहे, जिथून विदर्भातला मालही परदेशी जातो.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला. तिथे हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी तो घुसवला होता. काही तासांत तो जगभरच्या कंपन्यांमध्ये शिरला. त्यात डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी होती. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल याच कंपनीचा समूह चालवत होता. तिथले संगणक बंद पडले आणि कंटेनरचं कामकाज खोळंबलं. नॉटपेट्या खंडणी मागत असला तरी पैसे भरून उपयोग नव्हता. किल्ली परत देण्याची सोयच त्यात नव्हती, नासधूस करणं हाच त्याचा हेतू होता.

मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात कोण कर्मचारी, कुणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत, म्हणजे एकावर जे बदले ते सगळ्यांवर बदले. एक गेला तर बाकीचे आहेत, असा त्यामागचा विचार होता. सगळे एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं, आणि नेमकं तेच झालं. शोधाशोध करता आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! यंत्र जाळ्यापासून तुटलेलं होतं, म्हणून व्हायरस तिथे पोचला नाही. तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. त्यामुळे तो विमानानं नायजेरियाला गेला, तिथे त्यानं हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती पुढे इंग्लंडला पोचली. त्या एका प्रतीवरून जाळं पुन्हा उभं राहिलं. मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं बसवावे लागले.

वऱ्हाडात भारनियमनानं कुणाचं भलं झाल्याचं आपण सहसा ऐकत नाही. इथे मात्र गेलेल्या विजेनं एका जागतिक कंपनीला तारलं. यातला धडा घरच्या लॅपटॉपलाही तंतोतंत लागू आहे. एकमेकांना जोडलेल्या शंभर प्रती एकाच वेळी जाऊ शकतात. वाचवते ती तुटक ठेवलेली प्रत.

प्रत कशी ठेवावी

जगभर एक सोपं सूत्र सांगतात: तीन, दोन, एक. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडच्या घरात किंवा दुकानात त्याचं रूप असं होऊ शकतं. पहिली प्रत संगणकात. दुसरी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी फक्त प्रत घेताना जोडायची आणि लगेच काढून कपाटात ठेवायची. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला आणखी एक ड्राइव्ह म्हणूनच दिसते आणि तीही कुलूपबंद होते. तिसरी प्रत गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारख्या सेवेवर, किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे ठेवलेल्या डिस्कवर.

ऑनलाइन सेवेबद्दल एक सावधगिरी. संगणकातली फाइल बिघडली की तिची ऑनलाइन जोडलेली प्रतही बिघडते, मर्स्कच्या सर्व्हरांचं झालं तसंच. बहुतेक सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस राखून ठेवतात, त्या मुदतीतच त्या परत मागता येतात. आपल्या सेवेत ती सोय कुठे आहे हे आजच पाहून ठेवा. संकटाच्या दिवशी शोधत बसू नका.

कशाची प्रत घ्यायची? व्यापाऱ्यानं टॅलीच्या डेटाची, रोज दुकान बंद करताना. डीटीपी करणाऱ्यानं लग्नपत्रिकांच्या आणि फलकांच्या मूळ डिझाइनची. विद्यार्थ्यानं प्रबंधाची, प्रत्येक वेळी तारखेचं नाव देऊन, म्हणजे कालची आवृत्ती आजच्या खाली दबणार नाही. घरच्यांनी फोटोंची आणि कागदपत्रांची, महिन्यातून एकदा. आणि अधूनमधून प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

हा उपाय मी पहिला सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, विजेचा दाब वरखाली होतो, पावसाळ्यात मोर्णा नदी काठ सोडते. हार्ड डिस्क मरायला व्हायरसच लागतो असं नाही. दुसरी प्रत या सगळ्यांपासून एकाच वेळी वाचवते.

दोन महिन्यांची सवड

दुसरा क्रमांक अपडेटचा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरनं जगाला वेठीला धरलं. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्याला कुणी क्लिक करण्याचीही गरज नव्हती. विंडोजच्या एका दोषाचा फायदा घेऊन तो स्वतःच एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. पण तो दोष बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिन्यांची सवड मिळाली होती. ज्यांनी ते अपडेट घेतलं होतं, त्यांना वॉनाक्राय शिवला नाही.

आपल्याकडे अपडेट टाळण्याची कारणं ठरलेली आहेत. डेटा संपतो, मशीन मंद होतं, मध्येच वीज जाते. ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातली एक रात्र अपडेटसाठी ठरवून टाकणं आणि संगणक इन्व्हर्टरवर किंवा लॅपटॉप चार्जरला लावून ठेवणं. नॉटपेट्या अपडेटमधूनच आला होता, मग अपडेट का घ्यावं, असा प्रश्न कुणी विचारेल. अपडेटमधून हल्ला होणं क्वचित घडतं, जुन्या दोषांवरचे हल्ले रोज होतात. त्या क्वचित प्रसंगासाठीच तर तुटक ठेवलेली दुसरी प्रत आहे.

आणखी काही तारखा लक्षात ठेवाव्यात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून विंडोज १० साठीचे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. त्यापुढे जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नसेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली बसवता येते. पत्र लिहिणं, ब्राउझर, मेल, पीडीएफ एवढंच काम असलेल्या घराला ती पुरते. युनिकोड मराठी तिच्यात नीट चालते.

फुकटाचा मोठा खर्च

अँटिव्हायरसकडे वळण्याआधी एका सवयीबद्दल. घरगुती संगणकांना सर्वाधिक छळणाऱ्या रॅन्समवेअरपैकी एक म्हणजे ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’. २०१८ पासून तो मुख्यतः चोरीच्या सॉफ्टवेअरमधून पसरतो. विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारी फाइल, फोटो किंवा डीटीपी सॉफ्टवेअरचा ‘क्रॅक’, एखाद्या खेळाची बनावट प्रत यांतून तो येतो. अशी फाइल चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. आपलंच रक्षण करणारा प्रोग्रॅम बंद करायला कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबावं.

परवान्याची किंमत जड जाते, हे मी नाकारत नाही. पण ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस आहे, चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप, पानं लावायला स्क्रायबस आहे. ही सगळी अधिकृतपणे मोफत आहेत. वर्षभराची डिझाइन एका दुपारी गमावण्यापेक्षा नवं सॉफ्टवेअर शिकायला महिना लागला तरी तो सौदा स्वस्त आहे.

अँटिव्हायरसचं खरं काम

आता अँटिव्हायरस. तो प्रामुख्यानं दोन प्रकारे काम करतो. एक, ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते आणि प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. ही यादी सतत बदलते, म्हणून अपडेट नसलेला अँटिव्हायरस निम्म्याहून अधिक निकामी असतो. दोन, तो प्रोग्रॅमच्या वागण्यावर नजर ठेवतो. एखादा अनोळखी प्रोग्रॅम भराभर शेकडो फाइली बदलू लागला, तर यादीत नाव नसलं तरी तो त्याला रोखतो.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी नुसत्या फवारणीनं जात नाही. वेळेवर पेरणी, कामगंध सापळे, फरदड न घेणं, पऱ्हाट्या शेतातून काढणं हे सगळं सोबत लागतं, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. अँटिव्हायरस ही फवारणी आहे. हवीच, पण तेवढ्यानं भागत नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मोफत येतो आणि तो चालू व अद्ययावत असेल तर घरगुती वापराला चांगला आहे. त्यातच ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे. ती चालू केली की ठरवून दिलेल्या फोल्डरांमधल्या फाइली अनोळखी प्रोग्रॅमला बदलता येत नाहीत. विकतचा अँटिव्हायरस घेतला तर एकच घ्या, दोन एकत्र ठेवले की ते एकमेकांच्या आड येतात. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, इथे दाबा’ असं वेबसाइटवर अचानक झळकलं, तर ती खिडकी बंद करा. अँटिव्हायरस खरंच जागा आहे का, हे तपासण्यासाठी ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती उतरवताच अँटिव्हायरसनं ओरडायला हवं.

सवयींपैकी दोन फार मोलाच्या. रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’ खातं वापरा, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खातं फक्त काही बसवताना. मग चुकून चाललेल्या व्हायरसलाही संगणकभर मोकाट फिरता येत नाही. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची शेपटी, म्हणजे नावामागचा प्रकार, दिसेल अशी सोय चालू ठेवा. ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ असं दिसणाऱ्या नावाच्या शेवटी ‘डॉट एक्झी’ असेल, तर ती पत्रिका नाही, प्रोग्रॅम आहे. फोनवरही हाच धोका ‘एपीके’च्या रूपात येतो. लग्नाचं आमंत्रण, वाहनाचं चलान, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एपीके फाइली ओळखीच्या नंबरवरून आल्या तरी उघडू नयेत. ओळखीच्या माणसाचा फोनच आधी बाधित झालेला असू शकतो.

प्रतीनं जे वाचत नाही ते

दुसरी प्रत फाइल हरवण्यापासून वाचवते, चोरीपासून नाही. काही व्हायरस काहीच बिघडवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मुकाट्यानं उचलून पाठवतात. संस्थांवर असा गुपचूप हल्ला कुठवर जाऊ शकतो, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणानं दाखवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून आणि परदेशी पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेचा गैरवापर करून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. आपल्या पातळीवर याला उत्तर असं: बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका, मेलला दुहेरी पडताळणी लावा, आणि एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नका. मेलचा पासवर्ड सर्वांत जपावा, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याचा मार्ग मेलमधूनच जातो.

तरीही संकट आलंच, तर क्रम पाठ असावा. आधी इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. प्रतीची हार्ड डिस्क त्या मशीनला जोडू नका. खंडणी भरू नका, भरल्यावर फाइली मिळतीलच असं नाही. कुलूपबंद फाइली पुसू नका. २०१६ मध्ये युरोपच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात, आज नसलेली किल्ली उद्या सापडू शकते. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. व्हायरस काढण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर २०१७ पासून मोफत साधनं उपलब्ध आहेत. सगळं झाल्यावर विंडोज नव्यानं टाकणं उत्तम, आणि मग तपासलेल्या प्रतीवरून फाइली परत आणाव्यात.

एका घरानं एवढं केलं तरी पुष्कळ झालं. पण आपल्या गावांमध्ये संगणक सामाईक असतो. झेरॉक्सचं दुकान, सेतू केंद्र, शाळेची प्रयोगशाळा ही शेकडो घरांची फाटकं आहेत. तिथल्या चालकानं प्रत्येक पेनड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन केला, विंडोज अद्ययावत ठेवलं, गिऱ्हाइकाच्या फाइली दिवसअखेर पुसल्या, तर तो गावाची मोठी सेवा करतो, आणि अशा दुकानदाराला आपण गिऱ्हाइकांनी आवर्जून पसंती द्यायला हवी. चौकशी करायला संकोच कशाला? ‘दादा, आधी स्कॅन करा’ एवढं म्हणायचं. आणि त्याच आठवड्यात घरासाठी एक बाहेरची हार्ड डिस्क विकत घेऊन फाइलींची दुसरी प्रत घ्यायची. कुठल्याही अँटिव्हायरसच्या आधी.